पिल-नाम आजींचा गुणी नवरा

देजॉन, ८ नोव्हेंबर

तीर्थरूप माल-सुकताईस,

धाकट्या ओक-बुनचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (एक गुडघा नक्की टेकला. दुसराही माझाच आहे असं डॉक्टर प्यो ठासून सांगतात, तेव्हा तोही टेकला असं धरून चाल.) तुझा रक्तदाब कसा आहे? भाऊजींची कंबर? गच्चीवर वाळत घातलेल्या मासळीवर यंदाही शेजारच्या मांजरांचाच पहिला हक्क आहे ना? मी इकडे मजेत आहे. दोन वेळचं जेवण आयतं, तिसऱ्या वेळचं बेचव, आणि दिवसभर विज्ञानाची सेवा.

दहा दिवस मी तुझा फोन उचलला नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव. तुझा तो हक्क आहे आणि तुला त्याचा सराव आहे. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. एक तर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि दुसरं म्हणजे, फोनवर बोलताना खोलीत कोण कोण बसलंय याची खात्री मला हल्ली देता येत नाही. हे दुसरं कारण पुढे कळेल. मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस.

ऑगस्टमध्ये मी पडले ते तुला माहीतच आहे. पार्लरमधल्या केस वाळवायच्या यंत्रावरची धूळ पुसायला स्टुलावर चढले आणि खाली आले ती थेट बेसिनच्या कडेवर. तीस वर्षं ज्या बेसिनमध्ये अख्ख्या बाजाराची डोकी धुतली, त्यानं माझंच फोडलं. मेंदूच्या उजव्या अंगाला रक्तस्राव झाला. डावा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागला. हे सगळं मला मान्य आहे, दिसतं ते नाकारणारी मी नव्हे. पण डॉक्टर प्यो म्हणाले की खरी अडचण निराळीच आहे. माझे डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. म्हणजे म्हणे जगाचा डावा अर्धा भाग आहे, आणि मला तो आहे असं वाटतच नाही. मी म्हटलं, असेल तर दाखवा. त्यांनी बोट केलं. डावीकडे. झाली का पंचाईत!

मग त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी सुबक काढलं. तर म्हणतात, बारा ते सहा एवढेच आकडे आहेत, बाकीचे कुठे गेले? मी म्हटलं, सहाला मी दुकान बंद करते, पुढचे आकडे ज्यांना लागतात त्यांनी काढावेत. यावर ते हसले नाहीत. माणूस विद्वान आहे.

(इथे एक कबुली. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराविरुद्ध मी तीन लेखी तक्रारी केल्या होत्या: भात अर्धाच असतो, मासा येतच नाही, आणि पालकाची भाजी फक्त फलकावर लिहिलेली असते. त्या स्वयंपाकीणबाईंची मी आता माफी मागितली आहे. त्याही रागाचा हक्क बजावताहेत.)

तर अशा बाईला संशोधनात घ्यायला डॉक्टर प्यो उतावीळ झाले. चौदा कागदांवर सह्या घेतल्या. सगळ्या सह्या मी उजव्या कडेला चिकटवून केल्या, तर त्यावरही आनंदून फोटो काढला. संशोधनात दोन गोष्टी. एक लोखंडी मोजा, म्हणजे रोबो. तो डाव्या हातात चढवायचा, मग तो बोटं उघडतो आणि मिटतो. पण लबाड आहे. आधी आपण जराशी तरी हालचाल करायची, मग तो पुढचं ढकलतो. आपण नुसते बसलो तर तोही नुसता बसतो. (लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईला यात नवीन काय ते मला कळलं नाही.) दुसरा तो आभासी चष्मा. चष्मा कसला, डोक्यावर चढवायचं खोकंच ते. आत गेलं की निराळं जग दिसतं.

हे खोकं सांभाळायला सो-दाम नावाची मुलगी आहे. अभियंता आहे, हुशार आहे, आणि तिच्या कपाळावरचे केस कुणी कापले ते मला समजलं तर मी त्या माणसाला धंद्यातून उठवीन. तिनं मला पहिल्यांदा बाजारात सोडलं. काय तो बाजार! वास नाही, घासाघीस नाही, कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. मुळा, लसूण आणि अंडी घेऊन बसथांब्यावर यायचं, एवढंच काम. मी वीस मिनिटं चालले आणि एकाच मुळेवाल्याकडून बारा वेळा मुळा घेतला. मला फक्त उजवीकडेच वळता येतं, त्यामुळे मी त्याच्याभोवती गोल फिरत होते म्हणे. डावीकडून तीन स्कूटर, एक हातगाडी आणि एक कोंबडी माझ्या अंगावरून गेली. चाळीसपैकी तीन गोष्टी मला दिसल्या. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. सो-दाम म्हणाली, "मावशी, मशीन कालच तपासलंय." मी म्हटलं, मग बाजार बिघडलाय. असल्या परक्या ठिकाणी सोडलंस तर मीच काय, तू पण हरवशील. माझ्या ओळखीची जागा दाखव, मग सगळं बिनचूक ओळखून दाखवते.

ताई, हे मी बोलले नसते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. जिभेचं माझ्या काय करायचं ते डॉक्टरांच्या कुठल्याच यंत्रात नाही.

त्या मुलीनं माझं बोलणं मनावर घेतलं. चारी दिशांना बघणारा एक गोल कॅमेरा तिनं माझ्या खोलीत आणून ठेवला. दोन दिवस तो तिथे चित्रण करत होता. (त्यासाठी पंधरावी सही.) त्यातून खोकं घातलं की माझीच खोली दिसेल असं काहीतरी तिनं तयार केलं, आवाजासकट.

आता त्या दिवसांत मी तुला काय काय सांगत होते ते आठव. रोज सांगायचे की तुझे मेहुणे दवाखान्यात फिरकलेही नाहीत. बायको मरता मरता वाचली आणि या माणसाला यायला सवड नाही. आयुष्यभर सार्वजनिक न्हाणीघराचं बंब पेटवायचं काम केलं, आता निवृत्त झाले, तरी सवड नाही. आणि लगोलग त्या शेजारणीच्या नवऱ्याचं कौतुक. सप्टेंबरच्या चार तारखेला मला या खोलीत आणलं, तेव्हापासून माझ्या उजवीकडच्या खाटेवर पिल-नाम आजी आहेत. त्यांचा नवरा रोज नऊच्या ठोक्याला येतो, हळू आवाजात विचारतो, "जेवलीस का? झोप लागली का? थंडी वाजते का?" मी पडदा ओढलेला असला तरी ऐकायचे आणि माझा जीव जळायचा. आजींना मी दोनदा म्हटलंसुद्धा, नवरा असावा तर असा. त्यांना कमी ऐकू येतं. त्या मान डोलवायच्या. आणि त्यांच्या खाटेवरून सोललेलं फळ माझ्या ताटात यायचं, तर मी म्हणायचे, किती मोठ्या मनाची माणसं!

तू हे सगळं अर्थातच मनात ठेवलं नाहीस. तू बुसानच्या चुलतभावाला सांगितलंस, त्याच्या दोन्ही सुनांना सांगितलंस, चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांना सांगितलंस. आणि छुसोकच्या सणाला तुझे मेहुणे नासपतींची पेटी घेऊन तुझ्यामाझ्या आई-बाबांच्या थडग्याला नमस्कार करायला तिकडे आले, तर तू ती पेटी दारातूनच परत दिलीस आणि त्यांना वाढलंही नाहीस. मला फोन करून वर हे सांगितलंस. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं केलंस." (त्या दिवशी पिल-नाम आजींचा नवराही आला नव्हता. मला नवल वाटलं होतं. एवढा गुणी माणूस, आणि सणाचा दिवस चुकवतो?)

तर ते खोकं. मी घातलं. माझी खोली दिसली. उजवीकडे खिडकी, आजींची खाट, पाण्याची बाटली. मी धडाधड सगळं ओळखलं. माझा आवाजही येत होता. मी तुझ्याशी फोनवर बोलत होते आणि नासपतींचा विषय तिसऱ्यांदा चघळत होते. सो-दाम म्हणाली, "छान, मावशी. आता मी खोली थोडी फिरवते. डावीकडचं उजवीकडे आणते."

आणि ताई, भिंतीतला खण ओढावा तशी खोलीची दुसरी बाजू बाहेर आली. आधी माझं ताट. त्यात मासा होता. पालक होता. मग पलंगाचा कठडा, त्यावर लाल पट्टी. मग खुर्ची.

खुर्चीत तुझे मेहुणे बसले होते. तो भोकं पडलेला करडा स्वेटर, जो मी दोनदा फेकला आणि त्यांनी दोनदा परत आणला. माझा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. (हा हात सापडत नाही म्हणून मी नर्सकडे आरडाओरडा केला होता. तो तिथे होता.) ते एका हातानं माझा हात धरून, उरलेल्या हातानं आणि मांडीच्या आधारानं तेंदूचं केशरी फळ सोलत होते. तेवढ्यात माझा आवाज आला, "त्या माणसाचं नावच काढू नकोस ताई. पेटी परत दिलीस ते बरंच केलंस, जिवंत आहे की नाही तेही मला माहीत नाही." त्यांची सुरी थांबली. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला, आणि पुढे सोलायला लागले. मग फोडी करून वाकून ताटली माझ्या उजव्या अंगाला ठेवली आणि म्हणाले, "खाऊन घे, गोड आहे." मी खाल्लं. खाता खाता मी पिल-नाम आजींकडे बघून म्हणाले, "तुमच्या ह्यांना सांगा हो, फळ फार गोड निघालं."

मी सो-दामला म्हटलं, हे बंद कर. तिला वाटलं मला भोवळ आली. तिनं बादली आणली, पाठ चोळली आणि अर्जात 'मळमळ' या रकान्यात खूण केली. लाजेचा रकाना त्यांच्या अर्जात नाही. असता तर त्या पानावर जागा पुरली नसती.

खोलीत आल्यावर मी पिल-नाम आजींच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, "तुमचे यजमान आज आले नाहीत?" त्या म्हणाल्या, "त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली गं." वर म्हणाल्या, "तुझा मात्र रोज येतो. नशीबवान आहेस, फक्त जरा उद्धट आहेस."

मग मी डॉक्टर प्योंना गाठलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की डावीकडचा आवाज उजवीकडून आला असं वाटणं हे या दुखण्यात होतंच, त्यावर त्यांचा लेख आहे. आणि ह्यांना, म्हणजे त्यांच्या भाषेत ग्वाकसाहेबांना, डाव्या खुर्चीत बसायला त्यांनीच सांगितलं होतं. माझं लक्ष तिकडे ओढलं जावं म्हणून. "फार आज्ञाधारक गृहस्थ आहेत," म्हणाले. आता हे त्यांनी मला सांगायला नको होतं का? तर म्हणे, सांगितलं होतं, चार वेळा. मी प्रत्येक वेळी 'मला फसवताय' असं म्हणून वही फेकली होती, आणि तीही नोंद आहे. तू विचारशील, अगं, पण चाळीस वर्षांच्या नवऱ्याचा आवाज ओळखू आला नाही? ओळखीचा वाटायचा. पण आमचे हे आयुष्यात 'हं'च्या पुढे गेलेले मी ऐकले नव्हते. 'थंडी वाजते का' या वाक्यात त्यांना ओळखणार कशी?

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. जेवण आलं की ताट गोल फिरवून सगळं संपवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. लोखंडी मोजा चढवला की मात्र जीव तोडून बोटं आवळायचे. सो-दाम म्हणाली, इतका जोर आकड्यांत कधीच दिसला नव्हता. मी म्हटलं, कुणाचा तरी गळा डोळ्यांसमोर आहे. कुणाचा ते तिनं विचारलं नाही. माझाच होता.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता उजवीकडून आवाज आला, "जेवलीस का?" मी दात आवळले आणि मान डावीकडे वळवायला लागले. ताई, हे तुला सोपं वाटेल. तुझी मान दिवसातून शंभर वेळा दुसऱ्यांच्या घरात वळते. पण जिथे काहीच नाही असं सगळं अंग सांगतंय, तिकडे वळायचं म्हणजे भिंतीत डोकं घालण्यासारखं आहे. लाल पट्टी दिसेपर्यंत थांबायचं नाही असा नियम आहे. पट्टी दिसली. मग अजून थोडं. मग स्वेटर.

मी म्हटलं, "कधी आलात?"

म्हणाले, "मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"सप्टेंबरच्या चार तारखेला."

मग मी व्हायचं तेवढं भांडून घेतलं. म्हटलं, तोंड शिवलं होतं का? मी फोनवर नाही नाही ते बोलत होते, ते मुकाट ऐकून घेतलंत? हात धरून हलवायचं, ओरडायचं, समोर येऊन उभं राहायचं! तर म्हणाले, "एकदा समोर आलो होतो. तू म्हणालीस, सवड मिळाली वाटतं, आणि बाटली फेकलीस. दुसऱ्या दिवशी तेही विसरलीस. डॉक्टर म्हणाले डावीकडे बसा. मग बसलो."

"आणि शेजारणीचा नवरा शेजारणीचा नवरा म्हणून मी गुण गात होते, तेव्हा तरी सांगायचं!"

 ते म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक ऐकत होतो. म्हटलं, दुसऱ्याच्या नावानं का होईना, चालू दे."



त्याच दुपारी सो-दामनं नवा व्यायाम लावला. लोखंडी मोजा घालून डाव्या हातानं जवाच्या चहाचा पेला उचलायचा आणि डावीकडे बसलेल्याच्या हातात द्यायचा. मी उचलला. वळवला. आणि सगळा त्यांच्या विजारीवर ओतला. ते म्हणाले, "गरम नव्हता." तो गरम होता, ताई. वाफ डावीकडे असूनसुद्धा मला दिसत होती.

आता माझी प्रगती जोरात आहे. बाजारात चाळीसपैकी सव्वीस गोष्टी दिसतात, कोंबडीला मी वाट देते, आणि मुळा एकदाच घेते. डॉक्टर प्यो माझा आलेख घेऊन पुढच्या महिन्यात परदेशी परिषदेला निघालेत. ओळखीचं वातावरण आभासी जगात उभं केल्यास रुग्णाचा उत्साह वाढतो, असा त्यांचा शोध आहे. आलेखाची रेघ ज्या दिवशी अचानक वर चढते, त्या दिवशी यंत्रात कुठला बदल केला होता ते ते अजून शोधताहेत. मी सांगितलं नाही. परिषदेत स्वेटर दाखवता येत नाही.

भाऊजींना नमस्कार सांग. मासळीला मीठ बेतानं घाल. तब्येतीला जप.

तुझी धाकटी,
ओक-बुन

ता. क. आता मुद्दा. बुसानला, दोन्ही सुनांना आणि त्या गाणाऱ्या बायकांना, जितक्या उत्साहानं पहिलं सांगितलंस तितक्याच उत्साहानं दुसरंही सांग. आणि ह्यांना स्वतः फोन कर. माफी मागायची नसेल तर निदान 'जेवलात का' म्हण, त्यांना पुरतं. फक्त ओक-बुनचं चुकलं असं कुणाकडे म्हणू नकोस. मेंदूचं चुकलं असं म्हण. ते वैद्यकीय आहे, तसा दाखलाही मिळतो.

ता. क. २. अठ्ठावीस तारखेला शेवटची परीक्षा आहे. घरचं कुणीतरी न सांगता डावीकडे येऊन बसणार, आणि ते मी किती वेळात ओळखते ते मोजणार. ह्यांना चालणार नाही, ह्यांना मी आता झोपेतही ओळखीन. मी तुझं नाव दिलं आहे. येताना आंबवलेला मासा भरपूर खाऊन ये आणि दात घासू नकोस. डॉक्टरांनी वासाबद्दल काही लिहिलेलं नाही, मी पंधराही कागद नीट वाचलेत.

ता. क. ३. तू दोन महिन्यांत एकदाही आली नाहीस, असं मी वर लिहिणार होते. पण हल्ली असलं काही लिहिण्याआधी मी खात्री करून घेते. आत्ताच लाल पट्टीच्याही पुढे मान वळवून बघितलं. खुर्ची रिकामी आहे. हे फळं धुवायला गेलेत. तू नाहीस. तेव्हा ये.